कंदीलपुष्प कुंडीत का टिकत नाही: या चुका टाळा

कंदीलपुष्पाची वेल ऑक्टोबरच्या सुमारास पिवळी पडू लागली की ती लावणारा माणूस घाबरतो आणि पाणी वाढवतो. पंधरा दिवसांत वेल पार वाळते. मग तो आणखी पाणी घालतो, कुणीतरी सुचवले म्हणून ओंजळभर शेणखतही घालतो, आणि जानेवारीत कुंडी उकरून पाहिली तर कंदाच्या जागी काळपट चिखल हाताला लागतो. माझ्या पहिल्या दोन कुंड्या नेमक्या याच वाटेने गेल्या. त्या वेळी वाटले होते की आपल्याकडून काळजी कमी पडली; प्रत्यक्षात ती जास्त झाली होती.

कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया वंशातील वनस्पती, काही भागांत खरपुडी या नावाने ओळखली जाते. मेण आणि झरा अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये सेरोपेजिया हे नाव घडवले. भारतात या वंशाच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात. त्यांतल्या बऱ्याच केवळ पश्चिम घाटातील आणि महाराष्ट्रातील ठरावीक डोंगरांवरच सापडतात: हरिश्चंद्रगडाच्या परिसरातली सेरोपेजिया लॉई, नाशिकजवळच्या अंजनेरीवरून वर्णन झालेली सेरोपेजिया अंजनेरिका, कास पठारावर दिसणारी सेरोपेजिया जैनी. काही वेली असतात, काही गवतात ताठ उभ्या राहणाऱ्या वीतभर उंचीच्या असतात. आपल्या रानांतल्या बहुतेक जातींना जमिनीखाली कंद असतो. वर दिसणारी वेल ही चार महिन्यांची पाहुणी आहे आणि बाकीचे आठ महिने ही वनस्पती फक्त कंदाच्या रूपाने जगते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

रानातून कंद उपटून आणणे

सर्वांत मोठी चूक कुंडी भरण्याआधीच घडलेली असते. पावसाळी भटकंतीत फूल दिसते, सोबत खुरपे असते, आणि ‘घरी नेले तर निदान वाचेल तरी’ असा विचार मनात येतो. हे कंद खाण्याजोगे असल्यामुळे गुराखी आणि आदिवासी ते पूर्वीपासून खणून खात आले आहेत, रानडुकरे आणि साळिंदरही त्यांचा माग काढतात; त्यात हौशी बागवानांची भर पडायला नको. शिवाय फुलावर असताना खणलेला कंद बहुधा जखमी होतो. पाण्याने भरलेल्या त्या कंदाला खुरप्याचा ओरखडाही बुरशीला वाट करून देतो, आणि वेल मुळांपासून तुटल्यामुळे त्या वर्षीचे अन्न कंदात साठायचे राहून जाते. म्हणजे रानातले एक झाड कमी होते आणि घरी आणलेलेही बहुतेक वेळा मरते.

यात कायद्याचा भागही आहे. अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आणि राखीव वनात 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार परवानगीवाचून वनस्पती काढता येत नाही. बहुतेक दुर्मीळ जाती नेमक्या अशाच जागी उरल्या आहेत. रोपे किंवा बी हवे असेल तर वनस्पती उद्यानांकडे किंवा महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांकडे विचारणा करावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वंशावर दीर्घकाळ काम केले असून तेथील वनस्पती उद्यानात अनेक जाती जतन केल्या गेल्या आहेत. नवशिक्याने सुरुवात दुर्मीळ जातीपासून करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेरोपेजिया बल्बोसा किंवा सेरोपेजिया हिर्सुटा या त्यामानाने सर्वत्र आढळणाऱ्या वेली आहेत. त्यांच्यावर दोन-तीन पावसाळे हात बसवावा आणि मगच पुढे जावे.

रोपवाटिकेतल्या वेलीचे नियम लावणे

बाजारात हृदयाच्या आकाराच्या पानांची, टांगत्या कुंडीतून खाली लोंबणारी एक नाजूक वेल सर्रास मिळते. तीही सेरोपेजियाच, पण सेरोपेजिया वुडी नावाची, दक्षिण आफ्रिकेकडची. घरात ती वर्षभर हिरवी राहते, पेरांवर लहान गाठी धरते आणि खिडकीतही सुखाने वाढते. आंतरजालावर सेरोपेजियाची निगा म्हणून जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक तिच्याविषयीचे असतात. ते पाहून सह्याद्रीतल्या जातीला वर्षभर नियमित पाणी देणे किंवा तिला दिवाणखान्यात ठेवणे म्हणजे तिला मारण्याची तयारीच होय. आपल्या जातींना पावसाळ्यात उघडी हवा, सकाळचे ऊन आणि वारा लागतो.

सुपीक माती

काळी माती, भरपूर शेणखत आणि कोकोपीट हे मिश्रण गुलाबाला चालेल. कंदीलपुष्प मात्र कातळावरच्या बोटभर मातीत, खडकांच्या फटींत, उतारावरच्या गवतात किंवा निवडुंगाच्या जाळीत वाढते. तेथे पाऊस प्रचंड पडतो, पण पाणी एक क्षणही थांबत नाही. कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि तेच येथे घातक ठरते. मी दोन भाग मुरमाची किंवा जांभ्याची चाळलेली कच, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण वापरतो, आणि कुंडीच्या तळाशी खापरांचे तुकडे घालतो. कुंडी मातीचीच घ्यावी. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल कडेने सुकत नाही. मिश्रण बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे: तांब्याभर पाणी ओतल्यावर ते वर तुंबता कामा नये, ओतता ओतताच ते तळाच्या छिद्रातून बाहेर पडू लागले पाहिजे.

कंद लावताना तो उलटा बसणे हीदेखील नेहमीची चूक आहे. चपट्या कंदाची वरची बाजू ओळखण्यासाठी सुकलेल्या देठाची खूण किंवा बारीक कोंबाचा उंचवटा शोधावा. तो वर आणि मुळांच्या धाग्यांची बाजू खाली ठेवावी. खूण दिसतच नसेल तर कंद आडवा लावावा, कोंब आपली वाट शोधतो. वर दोन-तीन सेंटिमीटर माती पुरे.

झोपलेल्या कंदाला जागे ठेवणे

हीच ती ऑक्टोबरमधली चूक. पाऊस ओसरला, शेंगा धरल्या आणि पाने पिवळी होऊ लागली की वनस्पती वरचे सर्व अन्न कंदात ओढून घेत असते. या काळात पाणी एकदम तोडू नये, पण दर आठवड्याला कमी करत जावे आणि वेल पूर्ण वाळल्यावर बंद करावे. वाळलेली वेल ओढून काढण्याचा मोह टाळावा, कारण तिच्याबरोबर कंदाचा माथा फुटून येऊ शकतो. ती कात्रीने बोटभर ठेवून कापावी. तो वाळका खुंट उन्हाळाभर कंदाची जागा दाखवत राहतो, हा त्याचा दुसरा उपयोग.

त्यानंतर मे महिन्यापर्यंत कुंडी सावलीत, पावसाचा किंवा नळाचा शिंतोडाही लागणार नाही अशा जागी ठेवावी. याच काळात कुंड्या सर्वाधिक मरतात, आणि कारणे अगदी घरगुती असतात: घरातले कुणी रिकामी कुंडी समजून त्यात तुळस लावते, शेजारच्या कुंडीला घातलेले पाणी ओघळून येते, उंदीर कंद उकरतो. उंदरांसाठी कुंडीवर बारीक जाळी बांधावी. कुंडीवर ठळक पाटी लावावी. माझ्या एका पाटीवर ‘जिवंत आहे, पाणी घालू नये’ एवढेच लिहिलेले आहे. कंद कुंडीतून काढून डब्यात ठेवण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण छोटे कंद उन्हाळ्यात सुकून सुपारीसारखे होतात. कोरड्या मातीत ते अधिक सुरक्षित राहतात.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कुंडी उघड्यावर आणावी. कोंब यायला जून उजाडला तरी घाबरू नये आणि उकरून पाहू नये. एखादा कंद एखाद्या वर्षी उगवतच नाही आणि पुढच्या वर्षी उगवतो, असे माझ्याकडे घडलेले आहे.

फुले येतात, शेंगा येत नाहीत

या तक्रारीचे उत्तर फुलाच्या रचनेत आहे. कंदिलासारख्या त्या फुलाच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या पाकळ्यांच्या झरोक्यांतून आत शिरतात, घसरून तळाच्या फुगीर भागात पडतात आणि केसांमुळे त्यांना परत वर चढता येत नाही. आत धडपडताना परागपुंज, म्हणजे परागकणांचा एकत्र चिकटलेला गोळा, त्यांना चिकटतो. काही काळाने केस मलूल होतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात अडकते तेव्हा कुठे परागीकरण होते. रानातही शेंगा धरण्याचे प्रमाण कमीच असते. गच्चीवर एकच वेल असेल तर ते आणखी घटते.

म्हणून वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली किमान पाच-सहा झाडे एकत्र ठेवावीत. एकाच वेलीची दहा कलमे केली तर दिसायला दहा झाडे होतात, परंतु परागीकरणाच्या दृष्टीने ते एकच झाड असते. दुसरे म्हणजे फुलांच्या दिवसांत आसपास कीटकनाशक अजिबात फवारू नये. मावा मारायला गेलेले औषध आधी त्या बारीक माश्यांना मारते. आणि ‘फुलात किडे शिरले’ म्हणून फूल झटकून साफ करणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांनी ते किडे तसेच राहू द्यावेत.

पिवळा मावा आणि भुकेले सुरवंट

रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर येणारा पिवळा मावा कंदीलपुष्पाच्या कोवळ्या शेंड्यांवर हमखास येतो. सुरुवातीला बोटांनी पुसून आणि पाण्याच्या धारेने तो आटोक्यात येतो. मुंग्यांची रांग दिसली की आधी शेंडा तपासावा.

सुरवंटांची गोष्ट जरा अवघड आहे. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी कंदीलपुष्पही खाते, आणि दोन सुरवंट वीतभर झाड एका दिवसात फस्त करू शकतात. त्यांना मारणे मला पटत नाही. मी कुंड्यांपासून थोड्या अंतरावर रुईचे एक झाड ठेवले आहे आणि सापडलेला सुरवंट उचलून त्यावर सोडतो. पाने गेली तरी कंद शाबूत असेल तर पावसाळ्यात नवा फुटवा येण्याची आशा असते. त्या वर्षी मात्र कंद नीट पोसला जात नाही.

बी हातून निसटणे, कलम उशिरा करणे

जोडीने येणाऱ्या टोकदार शेंगा पिकल्या की एका बाजूने तडकतात आणि रेशमी झुपका असलेले बी रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर उडून जाते. दुपारपर्यंत थांबू म्हटले की शेंग रिकामी होते. शेंग भरल्यावर तिच्याभोवती मलमलीची छोटी पिशवी सैलसर बांधावी. गोळा केलेले बी कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावे आणि येत्या पावसाळ्यातच पेरावे. जुन्या बियांवर भिस्त ठेवू नये. बियांवर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. पहिल्या वर्षी रोप दोऱ्यासारखे बारीक राहते आणि खाली वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान कंद धरते. निराश होऊन ती रोपे एकत्र करून दुसऱ्या कुंडीत हलवणे ही चूक आहे. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांना जागचे हलवू नये.

कलम करायचे तर दोन पेरांचा तुकडा जुलैत लावावा. सप्टेंबरात लावलेले कलम मुळे धरते, टवटवीतही दिसते, पण कंद बनायच्या आतच सुप्तीचा काळ येतो आणि ते निमूटपणे मरते.

मनाने रानात परत लावणे

घरी पाच-पन्नास रोपे झाली की ती डोंगरावर नेऊन लावावीत असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु येथे चांगल्या हेतूनेही नुकसान होते. अंजनेरीची जात कासवर लावली किंवा एका गडाचे बी दुसऱ्या गडावर टाकले तर स्थानिक वाणांत सरमिसळ होते आणि पुढे अभ्यासकांना मूळ प्रसार कुठवर होता हेच कळेनासे होते. कुंडीतल्या मातीबरोबर बुरशी आणि तणांचे बी पठारावर पोहोचते, ते वेगळेच. पुनर्लागवड ही वनविभाग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने, ज्या डोंगराचे बी त्याच डोंगरावर, चराई आणि वणव्याचा विचार करून जागा निवडूनच करावी. फुलाचे छायाचित्र नेमक्या स्थळासह समाजमाध्यमांवर टाकू नये. पुढच्या रविवारी तेथे माणसांची वाट पडलेली असते. तालुक्याचे नाव पुरेसे आहे.

यासाठी प्रत्येक कुंडीची नोंद हवी: जात, बी कुठल्या डोंगराचे, कुणाकडून आणि कोणत्या वर्षी मिळाले, पेरणी केव्हा, पहिले फूल केव्हा. हा तपशील नसलेले झाड शोभेचे असते, संवर्धनासाठी ते निरुपयोगी ठरते. वहीत लिहावेच, पण एक पट्टी कुंडीतही खोचावी आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडून जाते.