टाकी भरली तरी पंप सुरूच? वायरलेसवरून रीडिंग पाठवताना या चुका टाळा

टेकडीवर पाण्याची टाकी, खाली विहिरीवर पंप, मध्ये किलोमीटरभर अंतर. टाकीत लेव्हल सेन्सर, त्याला ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर) किंवा लोराचं (कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओचं) मोड्यूल आणि खाली पंपाच्या स्टार्टरला जोडलेला रिले (विजेवर चालणारा स्विच). ग्रामपंचायतीपासून हाउसिंग सोसायटीपर्यंत ही मांडणी हल्ली सर्रास दिसते. टेबलावर सगळं झकास चालतं. जागेवर बसवलं की तक्रार येते: मोबाइलवर टाकी ७० टक्के दिसतेय आणि वर पाणी ओसंडून वाहतंय. मग सगळे सेन्सरच्या मागे लागतात. पण सेन्सर बहुतेक वेळा निर्दोष असतो. ७० टक्के हे रीडिंग खरंच होतं, फक्त ते वीस मिनिटांपूर्वीचं होतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी प्रत्येक रीडिंगसोबत दोन गोष्टी पाठवायला लागा: चढता अनुक्रमांक आणि रीडिंग घेतल्याची वेळ. खाली मिळालेल्या वेळेतून ती वजा केली की रीडिंगचं वय कळतं. अनुक्रमांक मध्येच गाळले जात असतील तर पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) हवेत हरवतायत. अनुक्रमांक सलग आहेत पण वय वाढत चाललंय, तर कुठेतरी रांग साचतेय. वय कायम एकाच आकड्याने चुकतंय, तर घड्याळ बिघडलंय. एवढं कळलं तरी अर्धी शोधाशोध वाचते.

वेळ सर्व्हरवर नोंदवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सर्व्हरने डेटा आल्यावर वेळ टाकली की वाटेत झालेला उशीर कायमचा पुसला जातो आणि वीस मिनिटं जुनं रीडिंग ताजं म्हणून मिरवतं. वेळ उगमापाशीच नोंदवायची. वीज ग्रिडमध्ये फेज कोन (विजेची लहर चक्रात कुठे आहे ते सांगणारा कोन) मोजणारी उपकरणं जीपीएसच्या घड्याळाला बांधलेली असतात ती याचसाठी: ५० हर्ट्झला घड्याळ १ मिलिसेकंद चुकलं तर कोन १८ अंशांनी चुकतो. टाकीला इतकी काटेकोर वेळ नको, सेकंद-दोन सेकंदांची चूक चालते.

पण ईएसपी३२ चालू होताना त्याचं घड्याळ १९७० सालात असतं. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत पाठवलेली रीडिंगं त्याच सालात जाऊन पडतात. वेळ जुळली नसेल तर 'वेळ अनिश्चित' अशी खूण सोबत पाठवा. नेट भरवशाचं नसेल तर डीएस३२३१ हे घड्याळ लावा. ते वर्षाला साधारण मिनिटभर चुकतं. घड्याळातला साधा क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदही चुकू शकतो.

यातला साडेपाच तासांचा सापळा खास आपला. उपकरणाने भारतीय वेळ पाठवली आणि सर्व्हरने ती यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) समजली, तर वय उणे साडेपाच तास येतं. मग 'वय ६० सेकंदांपेक्षा जास्त असेल तर पंप बंद' ही अट पुढचे साडेपाच तास लागूच होत नाही. पाठवताना आणि साठवताना यूटीसीच ठेवा. भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवा. आणि वय उणे आलं की रीडिंग सरळ नाकारा.

प्रत्येक रीडिंग पोचलंच पाहिजे हा हट्ट

टीसीपी (हरवलेला डेटा पुन्हा पाठवणारी इंटरनेटची पद्धत) काहीही हरवू देत नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा मिळेपर्यंत मागची सगळी अडकतात, आणि दर फसलेल्या प्रयत्नानंतर थांबायची वेळ दुप्पट होते. सिग्नल परत आला की जुनी रीडिंगं आधी ओतली जातात. नियंत्रण त्यातल्या प्रत्येकावर इमानेइतबारे हुकूम सोडतं आणि काँटॅक्टर (स्टार्टरमधला मोठा स्विच) खटाखट उघडझाप करतो. पंप चालवायला फक्त सर्वांत नवं रीडिंग लागतं. साचलेली रीडिंगं आलेखासाठी हवी असतील तर वेगळ्या टॉपिकवर (वेगळ्या नावाखाली), मागाहून पाठवा.

एमक्यूटीटी (उपकरणांमध्ये छोटे संदेश पोचवायची पद्धत) वापरत असाल तर रिटेन्ड, म्हणजे जपून ठेवलेल्या, संदेशाकडे विशेष लक्ष द्या. खालचा कंट्रोलर रीस्टार्ट झाला की ब्रोकर (संदेशांची देवघेव करणारा सर्व्हर) त्याच्या हातात जपून ठेवलेलं शेवटचं रीडिंग देतो, मग ते कालचं का असेना. एमक्यूटीटीच्या आवृत्ती ५ मध्ये संदेशाला मुदत घालता येते, ती घाला. शिवाय क्यूओएस (संदेश पोचवण्याच्या हमीची पातळी) १ मध्ये एकच संदेश दोनदा येऊ शकतो. लेव्हल दोनदा आली तर बिघडत नाही; फ्लोमीटरच्या लिटरची बेरीज करत असाल तर नक्कीच बिघडतं. दर सेकंदाला येणाऱ्या लेव्हलला क्यूओएस ० (एकदाच पाठवा, पोचल्याची हमी नाही) पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडिओच्या सवयी न ओळखणं

वाय-फायवर ईएसपी३२ वीज वाचवायला मधूनमधून झोपतो. त्याला पाठवलेला हुकूम राउटरपाशी पुढच्या बीकनपर्यंत (राउटर ठरावीक वेळाने सोडतो त्या इशाऱ्यापर्यंत) थांबतो, आणि बीकन साधारण १०० मिलिसेकंदांनी येतो. पिंगचा (संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा) आकडा उगाच वर-खाली होताना दिसला तर हेच कारण पहिलं तपासा. मेन्सवर चालणाऱ्या उपकरणाला झोपेची गरज नाही: आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये 'वायफाय.सेटस्लीप' फॉल्स करा.

लोरामध्ये 'लांब पोचावं' म्हणून स्प्रेडिंग फॅक्टर (वाढवला की सिग्नल लांब जातो पण वेग घटतो) डोळे झाकून १२ ठेवला जातो. त्याने छोटंसं पॅकेटही सेकंदापेक्षा जास्त हवा अडवतं. ७ वर तेच काम शंभर मिलिसेकंदांच्या आत होतं. आधी अँटेना उंच करा, मग फॅक्टर वाढवा. लोरावॅनचा (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचा) क्लास ए नोड, म्हणजे टोकाचं उपकरण, तर स्वतः बोलल्यानंतरच थोडा वेळ ऐकतो. पंपावरचा नोड दर १० मिनिटांनी बोलत असेल तर 'बंद हो' हा हुकूमही तितकाच रखडू शकतो. पंपावर वीज असतेच, तिथे सतत ऐकत राहणारा क्लास सी लावा.

सिम८००एल हा मोबाइल नेटवर्कचा मोडेम वापरणाऱ्यांसाठी: तो फक्त २जीवर चालतो आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, म्हणून जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. शिवाय तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. सप्लाय कमजोर असला की मोडेम रीसेट होतो आणि दोष मात्र नेटवर्कच्या माथी जातो.

अनेक टाक्या असतील तर सगळे नोड बरोबर शून्य सेकंदाला बोलू देऊ नका. लाइट आल्यावर सगळे एकदम जोडायला धावतात तेव्हाही प्रत्येकाला थोडा वेगवेगळा उशीर द्या.

ताजं रीडिंग नसताना काय करायचं, हे न ठरवणं

ठरावीक वेळात नवं रीडिंग आलं नाही तर पंप बंद, हा निर्णय पंपापाशी असलेल्या कंट्रोलरने घ्यायचा, सर्व्हरने नव्हे. ही वेळ ठरवताना उशिराची सरासरी पाहू नका. दिवसभरातला सर्वांत वाईट उशीर पाहा. सरासरी २०० मिलिसेकंद असलेल्या जोडणीतही दुपारी मिनिटभराचं भगदाड पडलेलं असू शकतं. आणि स्टार्टरमध्ये एक साधा टायमर टाकाच: टाकी रिकामी असताना भरायला जितका वेळ लागतो त्याहून थोडा जास्त. तेवढा वेळ झाला की रीडिंग काहीही म्हणो, पंप बंद.