ईएक्सटी२ पार्टिशनला जर्नल जोडताना या चुका टाळा

लिनक्समधील ईएक्सटी२ या फाइल सिस्टिमला (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीला) जर्नल, म्हणजे डिस्कवर होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंदवही, जोडली की ती ईएक्सटी३ होते. हे काम एका कमांडमध्ये होते आणि डिस्कवरील फायली जागच्या जागी राहतात. हे शक्य होते ते मुळातल्या रचनेमुळे. स्टीफन ट्वीडी यांनी विकसित केलेली ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ या कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) मुख्य लिनक्समध्ये दाखल झाली, तेव्हा तिची डिस्कवरील मांडणी मुद्दामच ईएक्सटी२शी सुसंगत ठेवण्यात आली होती. मात्र कमांड यशस्वी झाली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांचीच पुढे फसगत होते, कारण डिस्कवर जर्नल असणे आणि कर्नल ते जर्नल प्रत्यक्ष वापरत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालील बहुतेक चुका या फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

कमांड देण्यापूर्वी

सर्वांत महागात पडणारी चूक नावांच्या साधर्म्यामुळे होते. जर्नल जोडणारी कमांड ‘ट्यून२एफएस’ आहे, तर ‘एमके२एफएस’ ही नवी फाइल सिस्टिम तयार करणारी कमांड आहे. दोन्हींना लहान लिपीतील ‘-जे’ हाच पर्याय लागतो आणि दोन्हींच्या शेवटी पार्टिशनचे नाव येते, पण पहिलीने जुन्या फाइल सिस्टिमला जर्नल मिळते, तर दुसरीने ते पार्टिशन फॉरमॅट होऊन जुनी माहिती हातची जाते. जिथे ‘एमके’ने सुरू होणारी कमांड दिसेल तिथे ती रूपांतराची नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

पार्टिशनचे नाव आठवणीवर विसंबून टाइप करू नये. डिस्क जोडण्याचा क्रम बदलला की ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी (पार्टिशनचा एकमेव ओळखक्रमांक) ताडून पाहावा. एलव्हीएम (डिस्कची जागा आभासी पार्टिशनमध्ये वाटणारी व्यवस्था) किंवा एन्क्रिप्शन वापरात असेल, तर कमांड ‘मॅपर’ डिरेक्टरीखालील नावावर चालवायची असते, मूळ पार्टिशनवर नव्हे. स्वॅप आणि ईएफआयचे फॅट पार्टिशन यांचा या कामाशी संबंध नाही.

जुन्या पार्टिशनमध्ये आधीपासून बिघाड असेल, तर जर्नल जोडल्याने तो दुरुस्त होत नाही. म्हणून बॅकअप घ्यावा, पार्टिशन अनमाउंट करावे (सिस्टिमपासून सोडवावे), ‘ई२एफएससीके -एफ’ने सक्तीची तपासणी पूर्ण करावी आणि मगच जर्नल जोडावे. जर्नलसाठी किमान १०२४ ब्लॉक (डिस्कवरील जागेचे ठरावीक मापाचे तुकडे) लागतात, म्हणजे ४ केबीचा ब्लॉक असेल तर ४ एमबी, आणि मोठ्या पार्टिशनवर आपोआप ठरणाऱ्या आकाराप्रमाणे याहून बरीच जास्त जागा घेतली जाते. काठोकाठ भरलेल्या पार्टिशनवर कमांड अडली, तर आधी जागा मोकळी करावी.

दिसणारी ‘.जर्नल’ फाइल

अनमाउंट केलेल्या पार्टिशनवर जर्नल ८ क्रमांकाच्या राखीव आयनोडमध्ये (फायलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. माउंट असलेल्या पार्टिशनवर मात्र ते तसे सुरक्षितपणे करता येत नसल्याने त्या फाइल सिस्टिमच्या सर्वांत वरच्या डिरेक्टरीत ‘.जर्नल’ नावाची फाइल तयार होते. ही फाइल पाहून अनेकांना ती कचरा वाटते. सर्वाधिकार असलेला रूट वापरकर्ता असतानाही ती पुसू पाहिल्यास परवानगी नाकारली जाते, आणि ‘एलएसअॅट्र’ चालवल्यास तिच्यावर ‘आय’ हे चिन्ह, म्हणजे न बदलता येण्याची खूण, दिसते. ‘सीएचअॅट्र’ने ती खूण काढून फाइल पुसण्याचा खटाटोप कृपया कोणीही करू नये, कारण तीच फाइल म्हणजे तुमचे जर्नल आहे. पार्टिशन अनमाउंट असताना ‘ई२एफएससीके’ची तपासणी झाली की ती आपोआप राखीव आयनोडमध्ये हलवली जाते. फक्त रूट पार्टिशनच्या, म्हणजे ज्यावर सिस्टिम स्वतः चालते त्याच्या, बाबतीत त्यासाठी बाहेरच्या रेस्क्यू माध्यमावरून बूट करून तपासणी करावी लागते.

जर्नल आहे, पण वापरात नाही

रूपांतरानंतर ‘एफएसटॅब’मधील, म्हणजे कोणते पार्टिशन कसे माउंट करायचे ते सांगणाऱ्या फाइलमधील, प्रकार ‘ईएक्सटी३’ असा बदलायचा राहून जाणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. ज्या कर्नलमध्ये ईएक्सटी२चा स्वतंत्र ड्रायव्हर आहे, तिथे त्या ओळीत ‘ईएक्सटी२’ लिहिलेले असेल, तर पार्टिशन विनातक्रार माउंट होते आणि जर्नल नुसते पडून राहते. वीज गेल्यावर पुन्हा लांबलचक तपासणी सुरू होते, तेव्हा कुठे हे उघडकीस येते.

रूट पार्टिशनची गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘एफएसटॅब’ ही फाइल रूट पार्टिशनवरच असल्याने ती वाचण्यापूर्वीच कर्नलला रूट माउंट करावे लागते. फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर मॉड्यूलच्या (कर्नलला वेगळ्या जोडायच्या भागाच्या) रूपात असेल आणि इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये, त्याचा समावेश नसेल, तर रूट एकतर जुन्या प्रकाराने माउंट होते किंवा बूट मधेच अडते. त्यामुळे रीबूट करण्याआधी इनिटरॅमएफएस नव्याने बांधावी: डेबियन व उबुंटूमध्ये ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरामध्ये ‘ड्रॅकट -एफ’.

खात्री करण्यासाठी ‘ट्यून२एफएस -एल’चे उत्तर पुरेसे नाही. त्यातील वैशिष्ट्यांच्या ओळीत ‘हॅज_जर्नल’ दिसले, तर जर्नल डिस्कवर आहे एवढेच सिद्ध होते. रूट सध्या कोणत्या प्रकाराने माउंट आहे हे ‘प्रॉक’मधील ‘माउंट्स’ फाइल सांगते, पण माझा सर्वाधिक भरवसा कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ कमांडवर आहे. तिथे त्या पार्टिशनच्या नावापुढे ‘ऑर्डर्ड डेटा मोड’ (जर्नलची नेहमीची कार्यपद्धती) असा उल्लेख आला, तर जर्नल कामाला लागले आहे. ४.३ या कर्नलपासून, म्हणजे २०१५ पासून, ईएक्सटी३चा वेगळा ड्रायव्हर उरलेला नाही आणि ते काम तिच्या पुढच्या आवृत्तीचा, म्हणजे ईएक्सटी४चा, ड्रायव्हर करतो. त्यामुळे ईएक्सटी३ पार्टिशनच्या संदेशात ईएक्सटी४चे नाव दिसले, तर आपण काही चुकीचे रूपांतर केले असे समजून घाबरू नये.

माउंट नाकारले जाते तेव्हा

पार्टिशन ईएक्सटी३ म्हणून माउंट असताना मशीन अचानक बंद पडले, तर त्यानंतर ईएक्सटी२ ड्रायव्हर ‘अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (४)’ असा संदेश देऊन माउंट नाकारतो. त्यातील ४ हा आकडा जर्नलमधील अर्धवट नोंदी अजून मूळ जागी लावायच्या आहेत, या खुणेचा आहे. अशा वेळी जर्नलच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये, कारण ताजे बदल त्याच जर्नलमध्ये अडकलेले असतात. ‘ई२एफएससीके’ चालवावे, ते त्या नोंदी पूर्ण करते, आणि मग ‘एफएसटॅब’मधील प्रकार दुरुस्त करावा.

दुसरी अडचण जर्नलची कार्यपद्धती ठरवणाऱ्या ‘डेटा’ पर्यायामुळे उद्भवते. रूट पार्टिशनच्या ‘एफएसटॅब’ ओळीत ‘डेटा=जर्नल’ लिहिले, तर बूट होताना रूट पुन्हा माउंट (रीमाउंट) करण्याच्या वेळी हा मोड बदलता येत नसल्याने रूट फक्त वाचण्यापुरते उरते आणि ती ओळ दुरुस्तही करता येत नाही. अशा वेळी ‘माउंट’च्या रीमाउंट कमांडमध्ये पार्टिशन आणि माउंट करण्याची जागा ही दोन्ही नावे स्पष्ट द्यावीत, म्हणजे ‘एफएसटॅब’ वाचली जात नाही आणि लिहिण्याची सोय परत मिळते. तो मोड खरोखर हवा असेल, तर बूटलोडरमधील (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधील) ‘रूटफ्लॅग्ज’ हा पर्याय हीच त्याची योग्य जागा आहे.

नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये जर्नल फक्त मेटाडेटा, म्हणजे फायलींची नावे, आकार, जागा अशी माहिती, सांभाळते. अर्धवट लिहिलेला मजकूर त्याने परत मिळत नाही, म्हणून बॅकअप बंद करू नये. वेग वाढवण्यासाठी ‘बॅरियर=०’ देऊन लेखनाचा क्रम राखणारी सोय बंद करणेही टाळावे, कारण डिस्कच्या कॅशेतील लेखनाचा क्रम बिघडला, तर वीज गेल्यावर जर्नलच विश्वासार्ह राहत नाही.

तिथून पुढे ईएक्सटी४कडे

ईएक्सटी३पर्यंतचा रस्ता परतीचा आहे, पण ईएक्सटी४चे एक्स्टेंट्स (फायलीचे सलग ब्लॉक एकत्र नोंदवण्याची पद्धत) सुरू करून फायली लिहिल्यावर ते पार्टिशन ईएक्सटी३ म्हणून माउंट होत नाही. तपासणी जलद करणारे ‘युनिनिट_बीजी’ वैशिष्ट्यही सोबत सुरू केले असेल, तर त्यानंतरच्या सक्तीच्या तपासणीत ग्रुप डिस्क्रिप्टरचे (ब्लॉकच्या गटांच्या नोंदींचे) चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, चुकीचे असल्याचे संदेश येतात. पहिल्या वेळी ते अपेक्षितच असतात. जुन्या फायली मात्र जुन्याच पद्धतीने राहतात, एक्स्टेंट्सचा लाभ फक्त नव्याने लिहिलेल्या फायलींना मिळतो. तसेच आयनोडचा आकार ‘ट्यून२एफएस -एल’मध्ये पाहून घ्यावा: तो १२८ बाइट असेल, तर ईएक्सटी४ झाल्यावरही फायलींच्या तारखा २०३८च्या पुढे जाऊ शकत नाहीत, आणि अशा पार्टिशनसाठी माहिती बाहेर काढून २५६ बाइटच्या आयनोडने नवी फाइल सिस्टिम बनवणेच मी अधिक श्रेयस्कर मानतो. एक्सएफएस ही वेगळ्या घराण्यातली फाइल सिस्टिम हवी असेल, तर दुसरा मार्गच नाही, कारण ईएक्सटी२वरून तिच्याकडे जागच्या जागी रूपांतर होत नाही.