शौच डांबरासारखे काळे झाले तर काय करावे

रक्ताची उलटी झाली की नातेवाईक धावतच कॅज्युअल्टीत येतात. त्यांना काही शिकवावे लागत नाही. उशीर होतो तो काळ्या शौचाच्या रुग्णांना. ‘उष्णता झाली असेल’ म्हणत सब्जाचे पाणी आणि गुलकंद देऊन दोन-तीन दिवस घरीच ठेवलेले रुग्ण मी पुण्यातील रात्रपाळ्यांत इतके पाहिले आहेत की असा सल्ला देणाऱ्यांचा मला आता राग येतो.

पहिले काम शौच नीट पाहण्याचे. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला की ते रक्त खाली उतरेपर्यंत काळे पडते. असे शौच चकचकीत आणि चिकट असते, भांड्याला धरून राहते, आणि त्याचा उग्र वास एकदा ओळखला की विसरत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकटत नाही आणि पांढऱ्या कागदावर पसरले तर हिरवट छटा दिसते. रक्ताचे असेल तर पाणी टाकल्यावर कडेने लालसर रंग सुटतो. किळस न करता मोबाइलवर फोटो काढावा. शंका उरलीच तर रक्त समजूनच निघावे.

पुढची चूक मी स्वतः केली आहे. शिकाऊ असताना एका आजोबांचे हिमोग्लोबिन 13 पाहून मी निर्धास्त झालो आणि पहाटे ते पलंगावरून उठताना कोसळले. सुदैवाने वाचले. रक्तस्रावात पेशी आणि द्रव एकत्रच जातात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा चांगला दिसतो आणि काही तासांनी, शरीरातील पाणी रक्तात ओढले गेल्यावर, खाली येतो. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर विसंबून कोणीही घरी थांबू नये. नाडी पाहावी. स्वस्थ पडूनही ती 100 च्या वर असेल, उठताच अंधारी येत असेल, हातपाय गार पडून घाम फुटत असेल, तर 108 ला फोन करावा. मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी घेणाऱ्यांची नाडी मात्र वाढत नाही; त्यांच्या बाबतीत नाडीचाही भरवसा धरू नये.

निघताना तोंडाने काहीही देऊ नये, दूधसुद्धा नाही. घरातील गोळ्यांचा डबा जसाच्या तसा सोबत घ्यावा, कारण रक्तस्रावाला कारणीभूत ठरलेली गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक किंवा वारीत दिवे घाट चढताना रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी अनेकदा त्यातच सापडते. रात्री एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहण्याची तपासणी) होते का, हे रुग्णालयाला आधीच फोनवर विचारावे.

तेथे सलाईन, जठरातील आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल, लागल्यास रक्त, आणि शक्यतो 24 तासांत एंडोस्कोपी होते. अल्सरवर (जठरातील किंवा आतड्यातील व्रणावर) इंजेक्शन देऊन क्लिप लावतात. सिरॉसिसमुळे (यकृत आक्रसून कडक होण्याच्या आजारामुळे) अन्ननलिकेत फुगलेल्या नसांना रबर बँड बांधतात.

शौचातून पडणारे लालभडक रक्त बहुधा मूळव्याधीचे असते, पण पंचेचाळिशीनंतर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) न करता तसे गृहीत धरणे मला मान्य नाही.

घरी सोडताना हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या तपासणीबद्दल विचारावे. या जिवाणूमुळे अल्सर होतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 चे नोबेल मिळाले, तरी आपल्याकडे अल्सरचे खापर अजून मिरचीवरच फुटते. रक्तस्राव चालू असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यावी. स्टेंट बसवलेल्यांनी ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे.