उद्यानाचं कुलूप कसं निघालं

इंदिरानगरमधलं आमचं उद्यान देखभालीला माणूस नाही म्हणून बंद झालं. पालिकेकडे तोंडी विनवण्या करून काही हललं नाही. मग माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज केला: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. 'का बंद?' असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे नाहीत. मी विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा उतारा (ही जागा उद्यानासाठी राखीव असल्याचा कागद), देखभालीच्या ठेक्याची प्रत आणि बंदच्या लेखी आदेशाची प्रत मागितली. असा आदेशच नव्हता! ते उत्तर जोडून रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन दिलं, आवक क्रमांकासह पोच घेतली. पोच मात्र घ्याच, पाठपुरावा तिच्यावरच चालतो. मग कुलूप निघालं. आता शेजारचे काका पहाटे फाटक उघडतात. झोपाळ्याची साखळी अजून तुटलेली आहे. त्याचा अर्ज कालच दिला.