रात्री डोकं शांत करायला ब्राउझरमध्ये एक आवर्तन कसं बांधावं

बेळगावच्या उद्यमबागेतली सेकंड शिफ्ट संपवून वडगावला घरी पोचेपर्यंत साडेअकरा होतात. लेथची घरघर कानात तशीच असते, वर शेजारच्या मागांचा खडखडाट. अशा वेळी 'डोळे मिटा, मन रिकामं करा' हा सल्ला माझ्या काही उपयोगाचा नाही. दिवसभर हलणाऱ्या हातांना एकदम रिकामं ठेवलं की डोकं आणखी पळतं. हातांना हलकं, बिनजोखमीचं काम द्यावं लागतं.

मला ते साँग मेकरमध्ये मिळालं. गूगलच्या क्रोम म्युझिक लॅबमध्ये २०१८ साली आलेला हा छोटा खेळ. ब्राउझरमध्ये उघडतो, खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत. चौकटीवर बोट ठेवलं की सूर उमटतो आणि बांधलेली धून आवर्तनासारखी पुन्हा पुन्हा फिरत राहते. हरणं-जिंकणं नाही, वेळेचं बंधन नाही. 'कुठेही टिचक्या मारा, छानच वाजतं' असं पुष्कळ जण सांगतात. दुपारी पोरांच्या खेळात ते चालेल. रात्री झोप हवी असेल तर चालत नाही.

मोबाईल आडवा धरा, उजेड कमी करा. इअरफोन नको. दिवसभर मशीनचा आवाज झेललेल्या कानांत पुन्हा बोळे कोंबू नका, फोनचाच बारीक आवाज पुरे.

सेटिंग्जमध्ये एकच बदल करायचा: स्केल, म्हणजे सुरांचा संच, 'पेंटॅटॉनिक' करा. मग पडद्यावर पाचच सूर उरतात, सा रे ग प ध. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर, आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. एकमेकांना खेटून बसणारे सूर यात नसल्याने कुठलेही दोन एकत्र आले तरी कानाला टोचत नाहीत. सगळ्यात खालची ओळ सा. वाद्य मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं, तेच राहू द्या. टेम्पो, म्हणजे लय, मात्र मुळात १२० असतो, तो ६०वर आणा. याबाबतीत मी हटून बसतो. १२० ही चालायला निघालेल्या माणसाची लय आहे, आडवं व्हायला निघालेल्याची नव्हे.

खाली ठोक्यांच्या दोन ओळी आहेत. मुळात चार खंड आणि प्रत्येकात चार मात्रा असतात, म्हणजे सोळा मात्रा, आपला त्रिताल. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खंडाच्या सुरुवातीला एकेक ठोका द्या. तिसऱ्याची सुरुवात, म्हणजे नववी मात्रा, रिकामी सोडा; त्रितालातली 'खाली' तीच. याहून एकही ठोका जास्त नको.

आता अवघड जागा. इथे माझे कितीतरी दिवस गेले.

प्रत्येक मात्रेचे दोन भाग असतात, म्हणून पडद्यावर बत्तीस उभे रकाने दिसतात. रिकामा रकाना दिसला की बोट शिवशिवतं. मीही सगळे भरायचो. एकदा ऐकताना धून गोड वाटायची, पण चौथ्या-पाचव्या फेरीला कपाळावर आठ्या. सूर बदलून पाहिले, वाद्य बदललं, एक वाजला. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "काय करालायस रे अजून? शेवटाला आलं की धक्का बसतोय बघ." आई भजनाला जाते, तिने नेमकं ओळखलं. दोष सुरांत नव्हता, जोडात होता. पडद्यावर पहिला रकाना आणि बत्तिसावा दोन टोकांना दिसतात, कानाला मात्र ते शेजारी शेजारी असतात. शेवटचा सूर अर्ध्या सेकंदात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आदळत होता. दर सोळा सेकंदांनी एक धक्का. झोप येणार कशी?

म्हणून शेवटाकडून बांधायला घ्या. आधी पहिल्या मात्रेवर सा ठेवा. मग तेराव्या मात्रेवर रे. चौदा, पंधरा, सोळा रिकाम्या. इतकंच वाजवून चार-पाच फेऱ्या ऐका. रे वाजतो, विरतो, आणि श्वास सोडता सोडता सा येतो. हे जमल्याशिवाय मधल्या मात्रांना हात लावू नका. नंतर तिसरीवर ग, पाचवीवर प, आठवीवर ध, नववीवर प, अकरावीवर ग. सगळे मिळून सात सूर झाले. आठवा घालावासा वाटेल, घालू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व क्षयातून उठल्यावर छोट्या छोट्या तुकड्यांत गायचे. दोन तुकड्यांमधली जागा रिकामी वाटत नाही, हे कळायला त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण अवश्य ऐका.

बारा वाजून गेले असतील आणि भूपाचा कंटाळा आला असेल, तर सूर तेच ठेवून समेवर ग घ्या, शेवटही 'ग'वरच आणा, आणि सा फक्त मध्ये कुठेतरी हलकेच येऊ द्या. काही फेऱ्यांनी कान त्या 'ग'लाच सा मानायला लागतो आणि मालकंस ऐकू येतो. मध्यरात्रीनंतरचा राग, सेकंड शिफ्टवाल्यांच्या वेळेचा.

धून आवडली तर सेव्ह करा, लिंक मिळते, ती स्वतःलाच पाठवून ठेवा. हे आवरतं घेण्याआधीच करा, नाहीतर बांधलेलं जाईल.

थांबताना बटण दाबून एकदम बंद करू नका, ती शांतता दचकवते. दर फेरीला एक चौकट पुसा. आधी ठोके, मग ध, मग दोन्ही प, दोन्ही ग, शेवटी रे. समेवरचा एकटा सा उरला की त्याच्या तीन-चार फेऱ्या होऊ द्या, आणि फोन उशापासून लांब, फळीवर ठेवा.