भाऊ कॅनडात आहे? पीआरच्या अर्जात तो कसा दाखवायचा

पीआरचं, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीचं, काढलं की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, तिकडे मावशीचा मुलगा आहे की!’ म्हणून आधी नातं तपासा. एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवर पीआरसाठी निवडण्याच्या पद्धतीत, नात्याचे जादा 15 गुण मिळतात ते फक्त भावाबहिणीचे. आई किंवा वडील तरी एकच हवेत. सोबत येणाऱ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं भावंडही चालतं. दोन भाऊ असले तरी गुण 15च. फेडरल स्किल्ड वर्कर या त्यातल्याच एका योजनेत पात्र ठरायला 67 गुण लागतात; त्या मोजणीत मात्र नातेवाइकाचे 5 गुण असतात आणि तिथे काका, मामा, आत्याही धरतात. म्हणजे मावशी चालते, तिचा मुलगा नाही.

मग भावाला विचारा, तुझ्याकडे नेमकं काय आहे? तो नागरिक किंवा पीआर असावा, 18 पूर्ण असावा आणि कॅनडातच राहत असावा. स्टडी किंवा वर्क परमिटवरचा भाऊ मोजत नाहीत.

खरी कसोटी कागदांची. दोघांचे आईवडिलांची नावं असलेले जन्मदाखले लागतात, आणि आपले जुने दाखले म्हणजे विचारू नका! बाळाच्या नावाचा रकाना कोरा, एकावर आईचं नाव माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. बहीण असेल तर आणखी गुंता: दाखल्यावर मधे वडिलांचं नाव, पीआर कार्डावर नवऱ्याचं. तिचा विवाह नोंदणी दाखला जोडा, सोबत चार ओळींचं खुलासापत्र द्या. भावाच्या पत्त्यासाठी भाडेकरार किंवा विजेचं बिल मागवून ठेवा. एक्स्प्रेस एन्ट्रीतून पीआरच्या अर्जाचं आमंत्रण आल्यावर तो भरायला 60 दिवसच मिळतात. दाखल्यांची पालिकेतली दुरुस्ती तेव्हा काढायला गेलात तर दमछाक ठरलेली. एक्स्प्रेस एन्ट्रीची प्रोफाइल भरण्याआधीच ती उरका.

व्हिजिटर व्हिसाला हेच नातं उलटं पडू शकतं. भाऊ तिथे आहे, मग हा परत येईल का, अशी शंका अधिकाऱ्याला येते. म्हणून काही जण फॉर्ममधलं भावाचं नाव गाळतात. हा शहाणपणा अंगाशी येतो: माहिती लपवल्याचं ठरलं तर 5 वर्षं बंदी. नाव लिहा आणि भावाच्या निमंत्रणपत्राबरोबर इथली रजा मंजुरी, नोकरीचं पत्र, घराचे कागद, बायको-मुलं मागे राहणार असतील तर तेही दाखवा.