इस्तंबूलच्या आर्मेनियन लोकांवर लिहायचंय? मग मुलाखतीची तयारी अशी करा

पहिलं म्हणजे थेट १९१५ पासून, म्हणजे ऑटोमन राजवटीत झालेल्या आर्मेनियनांच्या नरसंहारापासून सुरुवात करू नका. तो विषय बाजूला ठेवा असं नाही म्हणत, पण समोरचा माणूस तुर्कस्तानातच राहतोय आणि तिथल्या कलम ३०१ (तुर्की राष्ट्राचा अपमान हा गुन्हा) खाली ह्याच विषयावरून लोकांवर खटले झालेत, त्यामुळे रेकॉर्डर लावून तो प्रश्न टाकला की तुम्ही घरी निघून जाणार आणि अडकणार तो. स्वतःहून बोलला तर ऐका.

त्यापेक्षा मालमत्तेचं विचारा, खरी मेख तिथेच आहे. १९३६ मध्ये सरकारने चर्च, शाळा चालवणाऱ्या धर्मादाय संस्थांकडून मालमत्तेची यादी भरून घेतली, आणि १९७४ च्या कोर्टाच्या निकालानंतर तीच यादी त्यांच्या अंगाशी आली, म्हणजे यादीत नाही ना, मग नंतर विकत घेतलेलं, दान मिळालेलं सगळं काढून घ्या! २०११ मध्ये परत द्यायचा आदेश निघाला पण सगळं परत आलं असं धरून चालू नका, कुठली इमारत, कधी गेली, आली का, असं नेमकं विचारा. १९४२ चा संपत्ती करही वाचून जा, बिगरमुस्लिमांवर तो कैक पट जास्त लावला होता.

इस्तंबूलच्या शिश्ली भागात आगोस या आर्मेनियन समाजाच्या पेपरचं जुनं ऑफिस बघाच, संपादक ह्रांत दिंकला १९ जानेवारी २००७ ला त्या ऑफिसच्याच दारासमोर गोळ्या घातल्या, आता तिथे स्मृतिस्थळ आहे.

आणि नाव, फोटो छापण्याआधी पुन्हा एकदा विचारा, आधी हो म्हणाले असले तरी.